कॅफेतला माचा आणि आपली कपबशी

नांदेड-लातूरकडची आपली मुले-मुली शिकायला, नोकरीला पुण्या-मुंबईला जातात, तिथे कॅफेत बसतात, ‘माचा’ नावाचे हिरवेगार गोड खातात आणि त्याचे फोटो मोबाईलवर टाकतात. या गोष्टीचा आपल्यातील काही जुन्याजाणत्या कार्यकर्त्यांना अलीकडे फार राग येऊ लागला आहे. बाबासाहेबांनी लंडनमध्ये अर्धपोटी राहून अभ्यास केला आणि ही पोरे साडेतीनशे रुपयांचा केक खातात, असे भाषणातून बोलले जाते. टाळ्याही पडतात. चळवळीतल्या माणसाने चैन करू नये असा एक अलिखित कायदा आपण करून ठेवला आहे आणि तो मोडणाऱ्याला ‘बिघडला’ म्हणून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखकाला हे मान्य नाही.

बाबासाहेब अर्धपोटी राहिले ते उपास चांगला असतो म्हणून नव्हे. जवळ पैसा थोडा होता आणि तो पुस्तकांना लागत होता, म्हणून राहिले. पुढे याच महामानवाने उत्तम सूट घातले, उत्तम पेने वापरली, राजगृहासारखे घर बांधले. गरिबी हा आपल्यावर लादलेला शाप होता, तो काही आपला दागिना नव्हे. त्यांच्या उपाशीपणाचा दाखला देऊन त्यांच्याच नातवंडांना ‘तुम्हीही उपाशी राहा’ म्हणणे, ही कुठली रीत? तेव्हा पोरांना झोडपण्याआधी ही पोरे खातात काय, ते आले कुठून आणि ते खाण्यात आपला संबंध काय, एवढे तरी समजून घेऊ या.

आपल्याकडे माचा म्हणजे बाज. हा तो नव्हे. हा जपानचा चहा आहे. चहाची झाडे तोडणीच्या आधी तीन-चार आठवडे झाकून ठेवतात, ऊन लागू देत नाहीत. सावलीत पान जास्त हिरवे होते, कडवटपणा कमी राहतो आणि एक वेगळीच गोडसर, भरीव चव येते. मग पाने वाफवायची, वाळवायची, देठ आणि शिरा काढून टाकायच्या आणि राहिलेले पान दगडी जात्यावर दळायचे. असे जाते तासाभरात जेमतेम ३०-४० ग्रॅम पीठ काढते. आपल्या चहात पान उकळून गाळून फेकतो. माचात अख्खे पानच पोटात जाते. क्योटो शहराजवळचे उजी हे गाव या चहासाठी शेकडो वर्षे प्रसिद्ध आहे. जगभरातून मागणी इतकी वाढली की २०२४ साली क्योटोच्या जुन्या दुकानांना एका गिऱ्हाइकाला किती द्यायचा यावर मर्यादा घालावी लागली.

हा चहा जपानात नेला कोणी? कुठल्या राजाने नाही, व्यापाऱ्याने नाही. एका बौद्ध भिक्खूने. एइसाई नावाचा भिक्खू चीनमध्ये धम्माच्या अभ्यासाला गेला होता. ११९१ साली तो परतला तेव्हा झेन परंपरेबरोबर चहाचे बी आणि भुकटी घुसळून चहा पिण्याची पद्धतही घेऊन आला. १२११ साली त्याने चहा पिऊन आरोग्य कसे राखावे यावर ग्रंथ लिहिला. विहारात रात्र-रात्र ध्यानाला बसणाऱ्या भिक्खूंना झोप येऊ नये म्हणून हा हिरवा चहा दिला जाई. झेन परंपरा आपला उगम बोधिधम्माशी जोडते आणि हा बोधिधम्म दक्षिण भारतातून चीनला गेला असे सांगितले जाते. ध्यान करताना डोळा लागला म्हणून त्याने पापण्या कापून टाकल्या आणि त्या पडल्या तिथे चहाचे झाड उगवले, अशी एक दंतकथाही आहे. दंतकथा ती दंतकथाच. बुद्धाचा माणूस तिच्यावर विश्वास ठेवणार नाही. पण आपल्या देशातून हाकलला गेलेला धम्म चीन-जपानात गेला, तिथे विहारात चहाचा वाडगा झाला आणि आठशे वर्षांनी पुण्याच्या कॅफेत आपल्या पोरांच्या पुढ्यात आला, एवढे तर खरे आहे. ज्याला परदेशी थेर म्हणून आपण नाक मुरडतो, त्याचे आपल्याशी असे जुने नाते आहे.

पुढे जपानात या चहाभोवती एक मोठा विधी उभा राहिला. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू नावाच्या चहागुरूने चहाच्या खोलीचे दार मुद्दाम इतके लहान केले की आत जायचे तर कितीही मोठा माणूस असो, गुडघ्यावर येऊन वाकूनच जावे लागे. सामुराई योद्ध्यांना तलवार बाहेर ठेवावी लागे. आत सारे एका वाडग्यातून चहा पीत. एक वाडगा! आपल्याकडच्या सोवळ्यातल्या माणसाला हे ऐकूनच अंघोळ करावी लागली असती.

पण इथेच थांबलो तर आपण भाबडे ठरू. कारण त्याच जपानात बुराकू नावाचा समाज होता. मेलेली जनावरे ओढणारा, कातडे कमावणारा, गावाबाहेर राहणारा. ओळखीचे वाटते ना? त्या छोट्या दारातून सामुराई वाकून आत गेला, बुराकूला मात्र दारापर्यंत यायची सोय नव्हती. देश बुद्धाचा, पण विटाळ तसाच. १८७१ मध्ये सरकारने कायद्याने हा भेद रद्द केला, लोकांच्या मनातून तो गेला नाही. शेवटी ३ मार्च १९२२ रोजी क्योटोत, म्हणजे माचाच्या माहेरघरीच, या लोकांनी ‘सुइहेइशा’ ही आपली संघटना उभी केली आणि आम्ही माणसे आहोत हे जगाला सांगितले. त्यानंतर पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी महाडचे चवदार तळे. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांची नावेही ठाऊक नसतील. प्रश्न तोच होता.

आता आपल्या कपबशीकडे येऊ. आमचे वडील अहमदपूर तालुक्यातले. ते सांगत, बाजारच्या दिवशी हॉटेलच्या मागच्या भिंतीला खिळे ठोकलेले असत आणि त्या खिळ्यांना कान तुटलेले कप टांगलेले असत. ते आपले. हॉटेलवाला वरून चहा ओतायचा. उभ्याने प्यायचा, कप आपणच धुवायचा आणि पुन्हा खिळ्याला टांगायचा. पैसे मात्र आत बाकड्यावर बसणाऱ्याइतकेच! त्यात सवलत नव्हती. नांदेड-लातूरच्या खेड्यापाड्यांतील साठी-सत्तरी ओलांडलेल्या कोणत्याही आपल्या माणसाला विचारा, तो खिळा त्याला आजही दिसतो. याच मराठवाड्यात, दौलताबादच्या किल्ल्यात, १९३४ साली बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतात म्हणून ‘हौद बाटवला’ असा गलका झाला होता. विलायतेतून पदव्या घेऊन आलेल्या माणसाची ही गत, तर अहमदपूरच्या बाजारात आलेल्या मजुराची काय कथा!

चहा आणि जात यांची गाठ फोडणारा एक प्रसंग महाराष्ट्रात घडला, तो आपल्या सर्वांना माहीत आहे. तरी तो पोरांना पुन्हा सांगितला पाहिजे. कोल्हापूर संस्थानात गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या पागेत नोकर होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी त्यांना बेदम मारले. राजर्षी शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामांना पैसे देऊन चहाचे हॉटेल काढायला लावले. ‘सत्यसुधारक’ असे त्या हॉटेलचे नाव. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? महाराजांनी आपली गाडी हॉटेलसमोर थांबवायला सुरुवात केली. स्वतः चहा प्यायचे आणि बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही पाजायचे. राजाच्या हातातला कप नाकारणार कोण! महाराजांनी समतेवर व्याख्यान देऊन भागवले नाही, गिऱ्हाईक होऊन दाखवले. हॉटेल कोणाचे, चहा कोणाच्या हातचा आणि पिणारा बसतो कुठे, हे तीन प्रश्न त्यांनी एका कपात सोडवले.

बाबासाहेबांनी हेच संविधानात लिहिले. कलम १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांचा उल्लेख नावानिशी आहे. मोठमोठ्या हक्कांच्या रांगेत हॉटेलाला काय म्हणून बसवले, असा प्रश्न ज्याला पडतो त्याने तो खिळा पाहिलेला नसतो. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्याच्या चौथ्या कलमात तर हॉटेलातील भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला गेला. म्हणजे कपबशीसाठी या देशाला कायदा करावा लागला! तेव्हा आपली पोरगी कॅफेत खुर्ची ओढून बसते, मेनूकार्ड मागते आणि काचेच्या स्वच्छ बशीतून गोड खाते, ती नुसती चैन नाही. त्या बसण्यामागे महाड आहे आणि कलम १५ आहे. तिला ते ठाऊक नसेल तर सांगणे आपले काम. रागावणे हे काम नव्हे.

गोडाबद्दलही थोडे बोलले पाहिजे, कारण कपापेक्षा ती जखम खोल आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात गोड यायचे ते कसे? पाटलाच्या घरच्या लग्नात पंगती उठल्यावर पत्रावळीत उरलेले बुंदीचे दाणे, अर्धी पुरणपोळी, ती पदरात बांधून आणायची. पोरे त्याच्यावर तुटून पडायची. गोड म्हणजे उष्टे, हे आपल्या जिभेला शिकवले गेले होते. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की उष्टे खाणे सोडा, मेलेल्या जनावराचे मांस सोडा. आपल्या बायाबापड्यांनी ते सोडले. म्हणजे घरात येणारे होते नव्हते तेवढे गोडही बंद झाले. हा त्याग कुठल्या इतिहासात नोंदला गेला? धाराशिव जिल्ह्यातील शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाण्याची नोंद केली, तेव्हा कुठे आपल्या चुलीवरचे पदार्थ कागदावर आले. तोवर मराठी पाककृतींची पुस्तके म्हणजे श्रीखंड-बासुंदीचे राज्य. त्यात चान्या कुठून येणार? ‘शहरातील सर्वोत्तम गोड कुठे मिळते’ हे ठरवण्याचा अधिकार ज्यांच्या घरात तूप-साखर होती त्यांच्याकडेच राहिला. आपली पोरे आज चार कॅफे फिरून ‘इथला चांगला, तिथला भिकार’ असा निकाल देतात, याचे लेखकाला म्हणूनच कौतुक वाटते. उष्टे मिळणाऱ्याला आवडनिवड नसते.

तर निकाल द्यायचाच तर नीट द्यावा. गेल्या हिवाळ्यात पुण्याला गेलो असताना लातूरला शिकून आता तिकडे नोकरी करणारी आमची पुतणी दोन दिवस मला कॅफे दाखवत हिंडली. कॅफेची नावे लिहीत नाही, जाहिरात करायची नाही. पहिल्या ठिकाणी माचाचा केक आला. वरून शेवाळासारखा, आत साखर आणि लोणी. हिरवा रंग सोडला तर त्यात चहाचे नाव नाही. दुसरीकडे चीजकेक. पांढऱ्या चॉकलेटचा इतका मारा की माचा बिचारा गुदमरला होता. मी म्हणालो, ‘अगं, यापेक्षा आपला कलाकंद काय वाईट?’ ती म्हणाली, ‘काका, दम धरा.’ तिसऱ्या ठिकाणी साधे मऊ आइस्क्रीम आले, भडक काही नाही. जिभेवर ठेवले आणि पहिल्यांदा कडू लागले, मग ओल्या गवताचा वास, मग मागून गोडी आली. मी तिला म्हणालो, ‘हा तर हुरडा आहे!’ ती हसून लोटपोट. पण खोटे काय बोललो? कोवळ्या हिरव्या ज्वारीची जी कच्ची, दुधाळ, हिरवी चव असते, तिचाच हा चुलतभाऊ. मराठवाड्याच्या माणसाला माचा शिकवायला जपानहून कोणी यायला नको.

मग तिरामिसू खाल्ले. मूळ इटलीचा पदार्थ, त्यात कॉफी असते. तिथे कॉफीच्या जागी माचा घातला होता. तेही चांगले जमले होते, कारण त्याला भट्टी लागत नाही. पुतणीनेच गुपित सांगितले. माचाला फार उष्णता सोसत नाही, भाजला की रंग खाकी होतो आणि वास उडतो. म्हणून भाजलेल्या केक-ब्राउनीपेक्षा थंड पदार्थात, म्हणजे आइस्क्रीम, तिरामिसू, खीर यात त्याची खरी चव कळते. भाजलेला केक जर फारच गडद हिरवा दिसला तर त्यात रंग आहे का, हे खुशाल विचारावे. चांगल्या माचाचा रंग कोवळ्या मुगाच्या रोपासारखा असतो, जुन्या किंवा हलक्या मालाचा पिवळट, मेहंदीसारखा. ‘सेरेमोनियल’ हा शब्द मेनूवर वाचून भुलू नये. त्या शब्दाला कायद्याचे कोणतेही बंधन नाही, कोणीही लिहू शकतो. आणि नुसते गोड लागले, कडूपणाचा मागमूस नसला, तर आपण माचाचे पैसे देऊन साखर खाल्ली असे समजावे.

हे सारे ठीक. पण कॅफेत सगळे आलबेल आहे, जात दाराबाहेर चपलांसारखी राहिली, असे कोणी समजत असेल तर तो जागा नाही. पाट्या पाहा. ‘प्युअर व्हेज’, ‘अंड्याशिवाय’. अंडे खायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘शुद्ध’ हा शब्द लिहिला की अशुद्ध कोण, हे न लिहिता लिहिले जाते. आणि टेबलाचे म्हणाल तर २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत, देशातल्या हुशारातल्या हुशार पोरांच्या जेवणघरात, ‘इथे फक्त शाकाहारींनी बसावे’ अशी भित्तिपत्रके लागली. त्यावर ओरड झाली, तर नंतर सहा टेबले शाकाहारींसाठी राखूनच टाकली गेली आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला १०,००० रुपयांचा दंड झाला. तुटक्या कानाचा कप भिंतीवरून उतरला आणि टेबलावर जाऊन बसला! तेव्हा आपल्या पोरांनी माचा जरूर खावा, पण बाजूच्या टेबलावर काय लिहिले आहे तेही वाचावे.

दुसरी गोष्ट पैशाची. खेड्यातले हॉटेल जात विचारायचे, शहरातले कॅफे साडेतीनशे रुपये विचारते. नोकरी करणाऱ्या पुतणीला ते झेपते. शिकणाऱ्यांचे काय? वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली. पुण्या-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले. त्यात भोजनाचे ३२,०००. म्हणजे महिन्याला साधारण २,६६७ रुपये, दिवसाला नव्वदही नाहीत. नांदेड-लातूरसारख्या महापालिका शहरांसाठी ५१,०००, त्यात भोजनाचे २८,०००. कॅफेतल्या एका बशीत आपल्या विद्यार्थ्याचे चार दिवसांचे जेवण बसते. आणि ही रक्कमही वेळेवर हातात पडत नाही म्हणून पोरांना समाजकल्याण कार्यालयांवर मोर्चे न्यावे लागले आहेत. लातूरच्या ट्यूशन एरियात, नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगरात खोली करून राहणारी, नीटची तयारी करणारी आपली कितीतरी पोरे वडापावावर संध्याकाळ काढतात. ती कॅफेच्या काचेतून आत पाहतात. त्यांना आत बोलवायला शाहू महाराजांची गाडी येणार नाही.

मग तिसरा मार्ग उरतो, गंगाराम कांबळे यांचा. आपणच मालक व्हायचे. लातूर जिल्ह्यातील चोबळी या गावचे मिलिंद कांबळे नांदेडच्या शासकीय तंत्रनिकेतनात शिकले, पुण्यात जाऊन उद्योजक झाले आणि २००५ मध्ये त्यांनी दलित उद्योजकांची ‘डिक्की’ ही संघटना काढली. त्यांच्या ‘दलित भांडवलशाही’बद्दल आपल्यात मतभेद आहेत, लेखकाचेही आहेत. भांडवलाने जात मोडते यावर विश्वास बसायला अजून पुरावा हवा. पण हॉटेलाचा गल्ला आपल्या हातात असला की वेगळ्या कपाचा प्रश्न उद्भवत नाही, इतपत तर मान्य करावे लागेल. आपली मुले हॉटेल मॅनेजमेंट शिकत आहेत, मोठ्या कॅफेत केक भाजत आहेत, कप धुवत आहेत. त्यांच्यातल्या चौघांनी मिळून नांदेडला विद्यापीठाच्या रस्त्यावर किंवा लातूरला औसा रोडला एखादे लहान दुकान काढले तर? जपानची भुकटी महाग पडते, तर ती थोडी ठेवावी. हुरड्याच्या दिवसांत हुरड्याचे आइस्क्रीम करून पाहावे. गुळाचे, चिंचेचे काही करावे. किंमत पन्नास-साठ रुपयांच्या पुढे नेऊ नये. भिंतीवर गंगाराम कांबळे यांचे छायाचित्र मिळाले तर लावावे.

आणि ज्या ज्येष्ठांना साडेतीनशे रुपयांच्या केकचा एवढा राग आहे, त्यांनी तो राग घेऊन एकदा आपल्या जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जावे. भोजनाचे ३२,००० आणि २८,००० हे आकडे योजना आली तेव्हाच्या बाजारभावात तरी पुरत होते का, आणि आज एका खानावळीचा महिन्याचा डबा केवढ्याला मिळतो, याचा हिशेब तिथल्या साहेबांपुढे मांडावा. सोबत दोन-चार विद्यार्थी न्यावेत. परतताना त्यांना चहा पाजावा, आत बसवून.